सेफ्टीचा पैसा नेमका कुठे धरायचा? नाशिकमधल्या एका सात मजली साइटच्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाथर्डी फाट्याजवळ पार्किंग आणि वर सात मजले अशी इमारत बांधणाऱ्या एका बिल्डरांनी विचारलंय की सेफ्टीवर खर्च केल्याने कामगारांच्या दुखापती आणि कामाचा एकूण खर्च खरंच कमी होतो का. साइटवर चाळीस-पन्नास माणसं असतात, सगळं काम लेबर ठेक्यावर आहे. हेल्मेट आणि सेफ्टी बेल्ट आणून दिले, पण कोणी वापरत नाही. ठेकेदाराचं म्हणणं, "आमची माणसं सरावलेली आहेत." तर रक्कम किती धरावी आणि सुरुवात कुठून करावी?

नमस्कार. आधी सरळ उत्तर देतो. दुखापती कमी होतात, खर्चही कमी होतो, पण हेल्मेट-बेल्टच्या खरेदीने नाही. नाशिक, सिन्नर आणि आसपासच्या साइटांवर सेफ्टीचं काम करताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसली आहे: कुठल्या साइटवर माणसं जखमी होणार, हे बरंचसं ठेक्याचा दर ठरतो त्या दिवशीच ठरून गेलेलं असतं.

तुमचा सेंट्रिंगवाला, म्हणजे स्लॅबचा साचा आणि टेके लावणारा, चौरस फुटाच्या दराने काम घेतो. त्या दरात स्लॅबच्या कडेच्या कठड्याचा, फळ्यांचा, जाळीचा एक रुपयाही धरलेला नसतो. मग कठडा बांधायला दोन माणसांचा अर्धा दिवस गेला तर तो ठेकेदाराच्या खिशातून जातो, आणि पेटी ठेकेदार (ठेकेदाराकडून पुढे काम घेणारा) मध्ये असेल तर शेवटी मजुराच्या हजेरीतून. बेल्टचंही तेच. कडेकडेने पुढे सरकताना दर थोड्या अंतरावर हूक सोडून पुन्हा अडकवायचा तर दिवसाचे फूट कमी भरतात. शिवाय तो अडकवायला तिथे काही असतं का, हे जाऊन बघा. बहुतेक वेळा नसतं. माणूस बेल्ट लावत नाही याला आपण बेफिकिरी म्हणतो, पण त्या दरात आणि त्या जागी बेल्ट लावून काम करताच येत नाही.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की सेफ्टीची रक्कम फुटाच्या दरातून बाहेर काढा आणि करारात वेगळी लिहा. अंदाजपत्रकात मी बांधकाम खर्चाच्या एक ते दीड टक्का धरायला सांगतो. तुमच्या इमारतीचा बांधकाम खर्च समजा ८ कोटी असेल, तर ८ ते १२ लाख. ही रक्कम मोठी वाटते. पण कामगार कल्याणाचा उपकर म्हणून एक टक्का तुम्ही आधीच भरता, आणि त्या पैशाने तुमच्या साइटवर एक फळीही लागत नाही. दुसरं म्हणजे पाइप, क्लॅम्प, जाळ्या, लिफ्टच्या तोंडाचे दरवाजे हे सामान पुढच्या इमारतीला पुन्हा चालतं, त्यामुळे दुसऱ्या साइटला खर्च बराच खाली येतो.

आता अपघाताच्या खर्चाकडे. इथे मला थोडं थांबून बोलायचं आहे, कारण या विषयात बऱ्याच गोष्टी सैलपणे सांगितल्या जातात.

कायद्याने ठरलेला आकडा आधी पाहू. कामावर मृत्यू झाला तर महिन्याच्या मजुरीच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. मजुरी कितीही असली तरी २०२० पासून हिशेबाला १५,००० रुपयेच धरले जातात. तीस वर्षांच्या माणसासाठी गुणक २०७.९८ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८, एकूण १५,५९,८५० रुपये. माणूस जितका तरुण तितका गुणक मोठा. रक्कम देय झाल्यापासून महिन्याभरात भरली नाही तर १२ टक्के व्याज लागतं, आणि उशिराला सबळ कारण नसेल तर रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही लागू शकतो. हा १९२३ च्या भरपाई कायद्याचा हिशेब आहे. आता त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे, तरी सूत्र तेच राहिलं. "तो ठेकेदाराचा माणूस होता" हे उत्तर इथे चालत नाही. घरच्यांना भरपाई थेट तुमच्याकडून मागता येते, मग तुम्ही ती ठेकेदाराकडून वसूल करायची. शिवाय निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्याचा गुन्हा दाखल झाला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ प्रमाणे पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मृत्यूचा हिशेब असा डोळ्यांत भरतो. पण साइटवर रोज होतं ते वेगळं: पायात खिळा, बोट चेमटणं, दोन-अडीच मीटरवरून पडून मनगट मोडणं. अशा तात्पुरत्या अपंगत्वात भरपाई दर पंधरवड्याला मजुरीच्या २५ टक्के, तीही त्याच १५,००० वर. म्हणजे महिन्याला ७,५०० रुपये. रोज आठशे-नऊशे कमावणारा मिस्त्री दोन महिने घरी बसला तर त्याच्या घराचं नुकसान याच्या जवळपास तिप्पट असतं. आणि ही भरपाईसुद्धा बहुतेकांच्या हातात पडत नाही. मुकादम दवाखान्याचं बिल देतो, हातावर थोडे पैसे ठेवतो, माणूस पेठ-सुरगाण्याकडे किंवा बिहारला निघून जातो आणि त्याच्या जागी दुसरा येतो. तुमच्या वहीत दुखापतीचा खर्च कमी दिसतो याचं खरं कारण हे आहे. तो खर्च झालेला असतोच, फक्त दुसऱ्याच्या चुलीवर. सेफ्टी परवडते का, असं कोणी विचारलं की मला आधी हेच सांगावंसं वाटतं.

याच्या उलट टोकाला "सेफ्टीत घातलेला रुपया चौपट होऊन परत येतो" असं सांगणारे आहेत. हा चारचा आकडा हर्बर्ट हाइनरिश या अमेरिकी विमा अभियंत्याने १९३१ मध्ये मांडलेल्या हिशेबातून आला: अपघाताचा थेट खर्च एक, तर आडून होणारा, म्हणजे अप्रत्यक्ष, खर्च चार. मूळ नोंदी पुढच्या अभ्यासकांना तपासायला मिळाल्या नाहीत, त्यामुळे मी तो आकडा कोणाला देत नाही. आणि एकच प्रमाण सगळीकडे लागू होणं शक्यही नाही. छोट्या दुखापतीत दवाखान्याचं बिल दोन हजार, पण मिक्सर थांबला, चार माणसं जखमीला घेऊन धावली, स्लॅब अर्धवट राहिला, तर आडचा खर्च बिलाच्या अनेक पट होतो. मोठ्या अपघातात भरपाईच इतकी मोठी असते की प्रमाण खाली येतं. तुम्ही पुढचा हिशेब प्रमाणाने करू नका. एका दिवसाचं काम बंद पडलं तर तुमचे किती पैसे जातात, एवढंच काढा. मिक्सर, आरएमसीच्या (तयार काँक्रीटच्या) गाड्या, पंप, बसून राहिलेली माणसं, व्याज, पुढे ढकललेला ताबा. हा आकडा तुमचा स्वतःचा असेल आणि त्यावर कोणी वाद घालणार नाही.

आणखी एक गोष्ट लपवणं योग्य नाही. पुष्कळ इमारती सेफ्टीचं काहीही न करता, एकही जीव न जाता उभ्या राहतात. पन्नास माणसांच्या एका साइटवर दीड-दोन वर्षांत मृत्यू न होण्याची शक्यता तशी जास्तच असते. त्यामुळे "शेजारच्याने काहीच केलं नाही, त्याचं काय बिघडलं?" हा प्रश्न तुम्हाला ऐकावा लागेल. एका साइटवर काही झालं नाही यावरून तिथलं काम सुरक्षित होतं असं म्हणता येत नाही. म्हणूनच अपघातांच्या संख्येवरून स्वतःला मोजू नका. आणि "शून्य अपघात झाले तर बक्षीस" ही योजना तर अजिबात आणू नका. बक्षिसापायी खिळा लागलेला पाय बुटात लपवला जातो, धनुर्वाताचं इंजेक्शन राहून जातं. मोजायचंच असेल तर हे मोजा: दर आठवड्याला, आधी न सांगता, एक चक्कर मारा आणि उघड्या कडा किती, झाकण नसलेली भोकं किती, खाली नीट पाया नसलेले टेके (प्रॉप) किती, हे लिहा. हा आकडा आठवड्यागणिक खाली येतोय का ते बघा.

सुरुवात कुठून करायची, तर कडांपासून. बांधकामात माणूस मरतो तो मुख्यतः पडून: स्लॅबच्या कडेवरून, लिफ्टच्या खड्ड्यात, डक्टमध्ये (पाइप नेण्यासाठी सोडलेल्या पोकळीत), परांचीवरून. एका मजल्याची उंची, म्हणजे तीन मीटर, पडायला एका सेकंदापेक्षा कमी वेळ लागतो आणि जमिनीवर आदळताना वेग ताशी २७ किलोमीटरच्या आसपास असतो. दोन मजल्यांवरून तो ३९ च्या जवळ जातो. म्हणून स्लॅबचं सेंट्रिंग लागतानाच कडेला उभे पाइप आणि दोन आडवे कठडे लागले पाहिजेत. नंतर लावू म्हटलं की ते लागत नाहीत. लिफ्टच्या तोंडाला प्रत्येक मजल्यावर जाळीचा दरवाजा हवा, नुसती आडवी बल्ली नको, कारण गिलाव्याच्या दिवशी पहिली बल्लीच काढली जाते. डक्टमध्ये स्लॅब भरतानाच सळईची जाळी सोडली तर प्लंबर येईपर्यंत ते भोक बंद राहतं. जास्तीची मजुरी जवळपास नाही. असे निर्णय ड्रॉइंगवर होतात, म्हणून तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला या चर्चेत बसवा.

बेल्टबद्दल एक तांत्रिक गोष्ट, जी माहीत नसल्याने जीव जातात. नुसता कमरेचा पट्टा वापरू नका, पडताना तो पोटातले अवयव दुखावतो. पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या. पण तोही सगळीकडे उपयोगी नाही. दोरी साधारण १.८ मीटर, झटका शोषणारा भाग उलगडतो तो मीटरभराहून जास्त, हार्नेसच्या कडीपासून पायापर्यंत दीड मीटर, आणि खाली मीटरभर मोकळी जागा. हूक पायाशी अडकवला असेल तर खाली साडेपाच मीटर तरी मोकळे हवेत. पहिल्या स्लॅबवर, तीन मीटर उंचीवर, पायाशी बांधलेला हार्नेस माणसाला जमिनीवर आदळण्यापासून वाचवत नाही. तिथे कठडाच पाहिजे. वरच्या मजल्यांवर डोक्याच्या वर अडकवायची दोरी, आणि लटकलेल्या माणसाला काही मिनिटांत वर घेण्याची तयारी. हार्नेसमध्ये जास्त वेळ लटकत राहिलेल्याचं रक्त पायात साचतं, तो बेशुद्ध पडू शकतो.

स्लॅब कोसळणं क्वचित होतं, पण एका वेळी अनेकांना घेऊन जातं. टेके ओळंब्यात आहेत का, त्यांच्या खाली मुरूम आहे की भिजलेली भरावाची माती, आडवे बांध आहेत का, आणि काँक्रीट एकाच जागी ढीग लावून ओतणार नाहीत ना, हे स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी इंजिनिअरने स्वतः बघून सही करायची. टेके काढण्याबद्दल आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक सांगतं की साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबला ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, आणि सहा मीटरपेक्षा मोठ्या बीमला २१. हे दिवस साध्या पोर्टलँड सिमेंटचे आहेत, तेही तापमान १५ अंशांच्या खाली गेलं नसेल तर. आपल्याकडे बहुतेक कामं पीपीसीवर, म्हणजे सावकाश ताकद धरणाऱ्या राखमिश्रित सिमेंटवर होतात, आणि डिसेंबर-जानेवारीत नाशिकची रात्र किती गार पडते हे निफाडच्या द्राक्षवाल्यांना विचारा. थंडीत सातव्या दिवशी टेके काढायचा हट्ट ठेकेदाराने धरला तर ऐकू नका. त्याला सामान पुढे हवं असतं, म्हणून टेक्यांचा एक जादा संच भाड्याने आणणं स्वस्त पडतं.

खोदकामही असंच. पाथर्डी, इंदिरानगर, मखमलाबाद या भागांत वरचा थर काळ्या मातीचा आणि खाली मुरूम, खडक. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पहिल्या पावसानंतर उभ्या कडेवरून थरच्या थर सुटतो. जेसीबीने सरळ कापलेला चर वरून मजबूत दिसतो, यावर जाऊ नका. दीड मीटरपेक्षा खोल चराला उतार द्या किंवा फळ्या-टेक्यांचा आधार द्या, आणि निघालेली माती कडेपासून किमान दीड मीटर लांब टाका. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनापेक्षा जास्त भरतं. छातीपर्यंत गाडला गेलेला माणूसही गुदमरतो, कारण छातीला फुलायला जागाच उरत नाही.

विजेसाठी फार लिहीत नाही. ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) प्रत्येक बोर्डावर, आणि व्हायब्रेटरची वायर पाण्यातून न्यायची नाही. एवढं झालं तरी बराच धोका जातो.

आता "माणसं सरावलेली आहेत" या वाक्याकडे येतो. कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या अभ्यासात असं दिसलं की कामाच्या पहिल्या महिन्यात दुखापतीचा धोका वर्षाहून जास्त टिकलेल्यांच्या तिपटीहून अधिक असतो. हे आपल्याकडे आणून बघा. नाशिकच्या साइटवर माणसं वर्षातून कितीदा बदलतात? जुलैत भाताच्या आवणीला पेठ, सुरगाणा, हरसूलची माणसं गावी जातात. ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीला दिंडोरी-निफाडची मजुरी खेचून घेते. होळीला आणि छठला उत्तरेकडचे निघतात. प्रत्येक वेळी रिकाम्या जागेवर नाक्यावरून नवा माणूस येतो, आणि तो या इमारतीत तरी नवाच असतो. लिफ्टचा खड्डा कुठे, कालची फळी कोणी काढली, हे त्याला माहीत नसतं. म्हणून नव्या माणसाचा पहिला दिवस खालच्या कामावर, त्याच्या भाषेत अर्धा तास साइट फिरवून, आणि पहिला आठवडा जुन्या माणसाच्या जोडीने. याला मुकादम लागतो, सेफ्टी ऑफिसर नाही. कायद्याने सेफ्टी ऑफिसर पूर्वी ५०० कामगारांना लागायचा, नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत बांधकामाला २५० ची मर्यादा आहे. तुमच्यासारख्या पन्नास माणसांच्या साइटवर कायदा तो नेमायला लावत नाही, आणि नाशिकमधल्या बहुतांश साइट याच आकाराच्या आहेत. तेव्हा सेफ्टीवर लक्ष ठेवायचं काम कोणाचं, हे तुम्हालाच ठरवावं लागेल. साइट इंजिनिअरला द्या आणि काम थांबवण्याचा अधिकार लेखी द्या. त्याने एकदा स्लॅब थांबवला आणि तुम्ही फोनवरून "चालू करा" म्हणालात, तर त्या दिवसापासून तुमच्या साइटवर सेफ्टी संपली असं समजा.

पैसा सगळ्यात लवकर परत येतो तो साध्या ठिकाणी. पूर्ण रुंदीच्या फळ्यांची, कठड्याची परांची दिली की गिलाव्याचा मिस्त्री दोन्ही हातांनी काम करतो, एक हात बल्लीला धरून नाही. काम सरळ येतं आणि वेगाने होतं. सेंट्रिंगच्या फळ्यांचे खिळे त्याच दिवशी काढले तर पाय वाचतात आणि प्लायही जास्त वेळा वापरता येतो. रोज संध्याकाळी जिना आणि वाटा मोकळ्या झाल्या तर घमेलं वाहणाऱ्या बाईच्या फेऱ्या वाढतात.

सध्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे शहरात माणसं कमी आणि घाई जास्त आहे. रात्रपाळी होणार असेल तर पुरेसा उजेड, आणि तीच माणसं दिवसा पुन्हा नाहीत, हे दोन नियम सोडू नका. पाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला ताबा देण्याचा शब्द दिला असेल तर शेवटचे दोन महिने विशेष सांभाळा. तेव्हा रंगारी, फॅब्रिकेटर, लिफ्टवाले सगळे एकाच वेळी आत असतात आणि कठडे काढले गेलेले असतात.

विम्यासाठी कामगार भरपाईची पॉलिसी ठेकेदाराच्या माणसांसकट घ्या आणि हजेरीपट रोजच्या रोज भरा, नाहीतर दावा तिथेच अडकतो. प्रत्येक माणसाची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्या. वय १८ ते ६० आणि वर्षात ९० दिवस काम एवढी अट आहे, आणि त्या ९० दिवसांचा दाखला तुम्ही द्यायचा असतो. कामावर मृत्यू झाला तर मंडळाकडून वारसाला ५ लाख रुपये मिळतात. दाखल्यावर सही करायला बिल्डर टाळाटाळ करतात, हे मला फार लागतं.

करारासाठी मी जे कलम सुचवतो ते इथे देतो, तुमच्या वकिलांना दाखवून घ्या: "कठडे, परांचीच्या फळ्या, जाळ्या, लिफ्ट व डक्टची झाकणं आणि हार्नेस यांचं सामान मालक पुरवेल. ते लावण्याची व काढण्याची मजुरी फुटाच्या दराव्यतिरिक्त, प्रत्यक्ष मोजून, दर आठवड्याच्या बिलात दिली जाईल. साइट इंजिनिअरने असुरक्षित म्हणून काम थांबवल्यास त्या वेळेची हजेरी कामगारांना पूर्ण मिळेल. कठडा नसलेल्या स्लॅबचं बिल मोजलं जाणार नाही."

पहिल्या दोन आठवड्यांत ठेकेदार यातल्या शेवटच्या ओळीवर वाद घालेल. बाकी कशात सवलत दिलीत तरी चालेल, त्या ओळीत देऊ नका.